मामा शेवटचा कधी आला होता?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
बाल कल्याण समिती,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

विषय : बालगृहांतल्या मोठ्या मुलांच्या फाइली उघडून वाचण्याबाबत.
संदर्भ : एका मामाच्या दोन भेटी.

महोदय, महोदया,

राज्य सरकारच्या एका लेखा कार्यालयात मी सत्तावीस वर्षं काढली. बिलं तपासायची, त्रुटी काढायच्या, फाइल परत पाठवायची. त्यामुळे कुठली फाइल कुठे आणि का अडली आहे, याचा वास मला लांबूनच येतो. फाइल दोन तऱ्हांनी अडते. एकीवर कुणीतरी ‘अमान्य’ असा शेरा मारतं. तिच्यासाठी भांडता तरी येतं. दुसरीवर कुणीच काही लिहीत नाही. ती दर काही महिन्यांनी कपाटातून बाहेर येते, तिच्यावर सही होते, पुन्हा आत जाते. ऑडिटमध्ये ती कधी सापडत नाही, कारण कागद सगळे जागच्या जागी असतात.

आमची मुलगी अशा दुसऱ्या तऱ्हेच्या फाइलीत पाच वर्षं होती.

तिचं नाव इथे लिहीत नाही, जिल्हाही नाही. मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि तिची स्वतःची बंदी कायद्याहून कडक आहे. दहावीत आहे सध्या. हे पत्र लिहायची परवानगीसुद्धा अटी घालून मिळालेली आहे.

२०१४ साली, चार वर्षांची असताना, तिला एका समितीपुढे उभं केलं गेलं. आई वारलेली. बाप तिच्या जन्माआधीच कुठेतरी निघून गेलेला. आजी होती, पण अंथरुणाला टेकलेली. आणि एक मामा, ऊसतोडीला जाणारा. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली की उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम कारखान्यावर, कोपीत. पहाटे तीनला नवराबायको फडात जाणार, मग चार वर्षांची भाची कुणाच्या हवाली करायची? समितीने तिला बालगृहात पाठवलं. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्या दिवाळीला, टोळी निघायच्या आधी, मामा भेटायला आला. भेटीच्या नोंदवहीत ओळ आहे : ‘बालिकेचे मामा भेटीस आले. चिवड्याचा पुडा दिला.’ मग २०१६च्या दिवाळीला पुन्हा आला. त्यानंतर नाही.

या दोन ओळींच्या जिवावर फाइल चार वर्षं तरली. दर आढाव्याला एकच टिपणी : ‘नातेवाईक संपर्कात आहेत. बालगृहातील मुक्काम वाढविण्यात यावा.’ पहिल्या टिपणीत ‘संपर्कात’मधला अनुस्वार राहून गेला होता. तो पुढच्या चारही टिपण्यांत नाही, अक्षर मात्र तीन वेगवेगळ्या माणसांचं. माझ्या नोकरीत असं दिसलं की मी लाल पेनाने गोल करायची आणि कडेला लिहायची, ‘मागील टिपणी न वाचता नकलली आहे.’ (फाइल मला दाखवणं नियमात बसत होतं की नाही, याची चौकशी कृपया करू नये. दाखवणाऱ्यांची बदली केव्हाच झाली आहे.)

२०१८मध्ये त्या बालगृहात नवे परिवीक्षा अधिकारी आले. त्यांनी केलं ते एवढंच, की दोन एसट्या बदलून मामाच्या गावाला गेले. पावसाळ्याचे दिवस, मामा घरीच होता. अधिकाऱ्यांनी सांगितलं की मुलीला दत्तक देता येईल, पण त्यासाठी तुमचं म्हणणं हवं. मामा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मला कुणी इचारलंच न्हाई साहेब. मला वाटलं, एकदा सरकारात दिली की सरकारच ठिवून घेतं.”

आजी तोवर गेली होती. समितीपुढे मामाने समर्पणनाम्यावर, म्हणजे मुलीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही केली. फेरविचाराचे कायद्याने दिलेले साठ दिवस गेले. मग मुलगी ‘फ्री’ झाली, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मुक्त. संस्थांमध्ये हाच शब्द चालतो, तुम्हीही तोच वापरत असाल : मूल फ्री झालं का? चार वर्षांची आत गेलेली मुलगी नऊ वर्षांची होऊन फ्री झाली. साठ दिवस कायद्याने घेतले, बाकीची वर्षं कुणी घेतली याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आता त्या वर्षांची किंमत बघा. देशभरात दत्तकासाठी नाव नोंदवून थांबलेली कुटुंबं तीस हजारांवर आहेत. लहान, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. २०२४-२५मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली, बारा वर्षांतला उच्चांक म्हणून त्याची बातमीही झाली. या रांगेतली बहुतेक माणसं ज्या वयाच्या मुलासाठी उभी असतात, ते वय झपाट्याने सरतं. चार वर्षांच्या मुलीसाठी कुणीतरी पुढे आलंच असतं. नऊ वर्षांची झाल्यावर तिची गणना ‘मोठी मुलं’ या सदरात झाली, म्हणजे ज्यांच्यासाठी संस्थांना हात जोडावे लागतात ती. पाच वर्षांवरच्या मुलाला देशातलं कुटुंब शोधायला नियमात मिळतात फक्त तीस दिवस, मग ते परदेशी पालकांना दाखवलं जातं. अशी कितीतरी मुलं इटलीला, स्पेनला, अमेरिकेला जातात. तिथली माणसं नऊ वर्षांच्या, बारा वर्षांच्या मुलांना घेऊन जातात आणि आपण म्हणतो, नशीब काढलं पोरांनी. आपल्या गल्लीत ते नशीब का निघालं नाही, हे कुणी विचारत नाही.

कायद्यात मुदती आहेत. सोडून दिलेलं किंवा अनाथ मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत ते मुक्त आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार तुम्हाला दिले आहेत, आणि मूल मुक्त जाहीर करायला तुमच्यातल्या तिघांचा निर्णय पुरतो. हे घड्याळ चालू होतं ते कचराकुंडीपाशी, देवळाच्या पायरीवर, रेल्वेच्या फलाटावर सापडलेल्या बाळासाठी. त्याच्यासाठी पोलीस तपास करतात, पेपरात फोटो येतो, शोध न लागल्याचा अहवाल येतो, तारखा पडतात. पण ज्याच्या फाइलीत एखादी मावशी, एखादा काका, तुरुंगातला बाप, दुसरं लग्न करून गेलेली आई आहे, त्याच्या घड्याळाला किल्लीच दिली जात नाही. ही ‘मामावाली’ मुलं बालगृहांत भरलेली आहेत. कागदावर त्यांना माणूस आहे, दारात कुणी येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या हे लक्षात आलं होतं. २० नोव्हेंबर २०२३च्या आदेशात राज्यांना सांगितलं गेलं की दर दोन महिन्यांनी मोहीम काढा आणि संस्थांमधली अनाथ, सोडून दिलेली, समर्पित मुलं शोधा. दत्तकाचं काम बघणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणानेही ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशी मुलं आणि ज्यांचे पालक सांभाळायला अपात्र आहेत अशी मुलं वेगळी मोजायला लावली. मोहीम म्हणजे काय होतं ते मला कार्यालयाच्या अनुभवावरून माहीत आहे. वरून तक्ता येतो. खालून भरून जातो. ‘निरंक’ लिहिणं सगळ्यात सोपं, कारण निरंक लिहिलं की पुढचा प्रश्न येत नाही. तुमच्या जिल्ह्यातून किती तक्ते निरंक गेले हे तुमचं तुम्हाला ठाऊक. मला एवढंच विचारायचं आहे की तक्ता भरणाऱ्याने मुलाच्या भेटीची नोंदवही उघडली होती का, की बालगृहाच्या अधीक्षकांना फोन करून ‘आपल्याकडे तसं कुणी नाही ना?’ असं विचारलं होतं? प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच असतं.

घराचं आणखी एक दार असं बंद होतं की आवाजसुद्धा येत नाही. सहा वर्षांच्या आतलं मूल शिशुगृहात, म्हणजे विशेष दत्तक संस्थेत असतं. तिथे दत्तकाचं काम जाणणाऱ्या बायका असतात, पालकांची ये-जा असते, पोर्टलवर नोंदी होतात. सहा पूर्ण झाली की मूल बालगृहात जातं, आणि बालगृहाला दत्तकाचं काम करायचं तर एखाद्या दत्तक संस्थेशी जोडून घ्यावं लागतं. ही जोडणी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने करायची. कागदावर ती झालेलीही असेल. पण बालगृहाच्या अधीक्षकांना विचारा की जोडलेल्या संस्थेतलं माणूस शेवटचं कधी येऊन मुलांशी बोललं. बालगृहाचं काम म्हणजे शाळा, जेवण, खरूज, गणवेश आणि मुलगा पळून गेला तर पोलिसांत तक्रार. त्या रगाड्यात ‘या मुलाला घर मिळेल का’ हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नसतो. आमची मुलगी तर थेट बालगृहातच वाढली, कारण मामा होता म्हणून दत्तक संस्थेत जायचा प्रश्नच आला नाही.

आता तुमची बाजू. मी काही समित्यांच्या बाहेरच्या बाकांवर बसलेली आहे, आत काय चालतं ते थोडंफार ऐकलेलं आहे. समोर पळून आलेली मुलगी असते, बालविवाहाचं प्रकरण असतं, पोलीस शिपाई घाईत असतो. मुदत संपलेल्या समितीचा कारभार शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे जातो आणि तिच्या बैठकांचे दिवस आधीच भरलेले असतात. मानधन वेळेवर येत नाही. हे सगळं मान्य.

आणि त्यापलीकडे एक भीतीही असते, ती मला खरी वाटते : आपल्या सहीने रक्ताचं नातं तुटेल. उद्या मामा येऊन म्हणाला, ‘माझी भाची कुठे आहे?’ तर? गरीब माणसाचं मूल श्रीमंताच्या घरी पाठवलं, असं कुणी म्हटलं तर? ही भीती असलेला सदस्य मला बेफिकीर सदस्यापेक्षा शंभरपट बरा वाटतो. पण भीती वाटते म्हणून त्याने करायचं काय? मामाकडे जायचं. घरात चूल किती वेळा पेटते, मामी काय म्हणते, आजीचा खोकला कसा आहे, ते बघायचं. महिना २२५० रुपये बालसंगोपनाचे मिळाले तर हे घर मुलीला ठेवून घेईल का, हे विचारायचं. योजनेला नाव आहे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं, ज्यांनी आणि जोतीरावांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा आपला म्हणून वाढवला. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना ४,००० आहेत. २०१४मध्ये यातले आकडे फार लहान होते, तरीही मला हा प्रश्न सोडवत नाही की त्या वेळी आजीच्या हातात चार पैसे पडले असते तर मुलगी आजीजवळ राहिली असती का. तसं झालं असतं तर ती आमच्या घरी आली नसती. हे वाक्य लिहायला मला सोपं गेलेलं नाही, पण ते खरं आहे, म्हणून लिहिलं.

म्हणजे माझं म्हणणं असं नाही की मुलं सोडवा आणि वाटा. मुलाला घरी पाठवता येत असेल तर पैशाची सोय लावून घरी पाठवा. येत नसेल तर तसं लिहा. मधल्या मध्ये, नऊ-दहा मुलींच्या खोलीत लोखंडी खाटेवर, ‘संपर्कात’ या अनुस्वार नसलेल्या शब्दावर ठेवू नका.

आणि ज्यांचं नातं खरोखरच तोडता येत नाही, अशा मुलांसाठी प्रतिपालकत्व आहेच. फॉस्टर केअर. संस्थेतलं सहा वर्षांवरचं मूल एखाद्या कुटुंबात राहायला पाठवायचा आदेश तुम्हीच देऊ शकता, त्यासाठी ते मुक्त झालेलं असावं लागत नाही. २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी पस्तिशीपुढच्या एकट्या बाईलाही, बुवालाही ही वाट मोकळी केली आहे. पूर्वी पाच वर्षं सांभाळल्यावर त्या कुटुंबाला दत्तकाचा विचार करता यायचा, आता दोन वर्षांनी येतो, अर्थात मूल तोवर मुक्त झालेलं असेल तर. आपल्याकडे फॉस्टर केअर म्हटलं की लोक इंग्रजी सिनेमातलं काहीतरी समजतात. अहो, शिकायला म्हणून आत्याकडे राहिलेली, काकूने न्हाऊ-माखू घातलेली अर्धी पिढी आपल्यात बसलेली आहे. परक्याचं मूल दोन वर्षं सांभाळणं आपल्याला जमणार नाही असं ठरवलं कुणी?

‘इतकी मोठी कशाला घेताय?’ हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी विचारला ते ठीक. एका सरकारी खुर्चीतूनही विचारला गेला. वर सल्ला : लहान असलं की आपल्या वळणाचं होतं. आम्ही दोघं तेव्हा सत्तेचाळीस आणि पन्नास, बेरीज सत्त्याण्णव. मुलाचं वय आठच्या वर असेल तर जोडप्याच्या वयांची बेरीज ११०पर्यंत चालते, दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं तर आज ८५च्या पुढे नाही. म्हणजे नियमालाही कळतं की पन्नाशीच्या माणसांनी मोठ्या मुलाकडे वळावं. खुर्चीतल्या माणसाला कळत नव्हतं.

वळणाचं म्हणाल तर महाराष्ट्राने या बाबतीत बोलूच नये. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला तेव्हा दहाव्या वर्षात होता. तो शाहू महाराज झाला. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बडोद्याला दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा होता, लिहिता-वाचता येत नव्हतं. तो सयाजीराव. त्याने पुढे अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गादीला वारस हवा असला की बारा वर्षांचा मुलगा घडतो आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षांची मुलगी घडत नाही, हे गणित मला सुटत नाही.

तरी खोटं सांगणार नाही. सोपं नव्हतं. जुलै २०१९मध्ये ती घरी आली. जेवायची वेळ झाली की हातात ताट घेऊन ओट्यापाशी उभी राहायची, भिंतीला पाठ लावून, रांगेत असल्यासारखी. रांगेत दुसरं कुणी नसायचं. पाणी प्यायलाही विचारायची. झोपताना चपला उशाशी. मला म्हणायची ‘अहो मॅडम’, माझ्या नवऱ्याला ‘सर’. आम्ही ‘आई म्हण’ असं कधी म्हटलं नाही. समुपदेशक बाईंनी तशी ताकीदच दिली होती. पहिले दोन महिने ती इतकी शहाण्यासारखी वागली की माझी झोप उडाली. तिसऱ्या महिन्यात तिने माझ्या कपाटातल्या दोन साड्या कात्रीने कापल्या. शाळेतून चिठ्ठ्या यायला लागल्या. एका रात्री तिने सरळ विचारलं, “परत कधी सोडणार?” ती तारीख विचारत होती, म्हणजे तयारीला लागता आलं असतं.

मग दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी तिच्या पानात दुसऱ्यांदा कारल्याची भाजी वाढली आणि ती ओरडली, “अगं मॅडम, नकोय म्हटलं ना!” नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. ‘अहो’चं ‘अगं’ झालं होतं. ‘मॅडम’ आणखी पाच महिने टिकलं, लॉकडाऊन लागल्यावर कधीतरी गळून पडलं, कुठल्या दिवशी ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

काही मुलं परत येतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पालक घेऊन जातात, जमत नाही, आणून सोडतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत हे जास्त होतं. पण त्यावर उपाय म्हणून मोठी मुलं दाखवायचीच नाहीत, हे अजब आहे. पालकांची तयारी करून घ्या. त्यांना सांगा की साड्या कापल्या जातील. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गृहअध्ययनाच्या वेळी आमचं उत्पन्न, फ्लॅटची कागदपत्रं, आरोग्याचे दाखले सगळं तपासलं गेलं, पण मूल रागावलं तर तुम्ही काय कराल, हा प्रश्न विचारला गेल्याचं मला आठवत नाही.

मुलाला विचारण्याबद्दलही बोलायचं आहे. पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती घ्यावी लागते, ती घेतलीही जाते. आमच्या मुलीच्या अहवालात पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘बालिका दत्तकास उत्सुक नाही.’ हे मी तिला खूप नंतर विचारलं. ती म्हणाली, “त्यांनी विचारलं, तुला नवीन आईबाबा पाहिजेत का? मी हो म्हटलं असतं आणि मग मामा आला असता तर?” दोन वर्षं मामा आलेला नव्हता. ती मामाला तोंडघशी पाडायला तयार नव्हती. परिवीक्षा अधिकाऱ्यांनी मग वेगळं केलं. मामाला समितीच्या तारखेला आणलं तेव्हा दोघांना व्हरांड्यात एकटं बसू दिलं. मामाने तिला स्वतः सांगितलं, ‘जा. मला बरं वाटंल.’ दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मान हलवली. नियमात या व्हरांड्याची तरतूद नाही. तुम्ही ती करू शकता.

आणखी एक कडू गोष्ट. राज्यात २०१८पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर अनाथ प्रमाणपत्र लागतं. बालगृहातून बाहेर पडताना अठरा वर्षांची मुलं या दाखल्यासाठी चकरा मारतात. तेव्हा व्यवस्था त्यांचे कागद तपासून ठरवते की यांचं कुणी आहे का. तोच प्रश्न, तेच कागद. सात वर्षांची असताना हे तपासलं असतं तर दाखल्याची गरजच पडली नसती.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात बैठक लावा, तुमच्या कार्यालयात नको. वर्षाहून जास्त काळ राहिलेल्या प्रत्येक मुलाची भेटीची नोंदवही मागवा आणि बघा, शेवटचं कोण आलं होतं, कधी आलं होतं. वर्ष उलटून गेलं असेल तर त्या माणसाकडे कुणाला तरी पाठवा. फोन करू नका. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा नंबर दर हंगामाला बदलतो. एसटीने पाठवा. प्रवासभत्त्याचं बिल मंजूर करायला अडचण आली तर मला कळवा, कुठल्या शीर्षाखाली टाकायचं ते मी सांगते. निवृत्त झाले असले तरी एवढं अजून येतं.

आमच्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची एक मावशी आहे, मुंबईकडे कुठेतरी. मावशी दोनदा आली, दुसऱ्यांदा आली त्यालाही आता नऊ वर्षं झाली. दोघींचं अजून बोलणं असतं, बालगृहाच्या फोनवरून, रविवारी. येत्या मार्चमध्ये ती अठरा वर्षांची होईल आणि जागा असली तर अनुरक्षण गृहात, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांना ठेवतात तिथे, जाईल. तिच्यासाठी आता दत्तकाची वेळ जवळपास गेली. तिच्याच खोलीत खालच्या खाटेवर सध्या सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला एक काका आहे म्हणतात.

कळावे,

आपली,
एका दहावीतल्या मुलीची आई

ता. क. : अटीप्रमाणे पत्र पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिलं. साड्या तीन होत्या म्हणाली, दोन नव्हे. तिसरी मला अजून सापडलेली नाही. आणि नोंदवहीत चुकीचं लिहिलं आहे. मामाने चिवडा आणला नव्हता, शंकरपाळे आणले होते, मामीने केलेले, थोडे करपलेले.